‘इलाज नाही’ असे ऐकल्यानंतर

डोळ्यांच्या आजारांपैकी मोतीबिंदू आणि काचबिंदू ही दोन नावे आता आपल्या घराघरांत माहीत झालेली आहेत. मोतीबिंदूचे शिबिर लागले की वस्तीतील म्हाताऱ्या माणसांची रांग लागते. ऑपरेशन करून, काळा चष्मा लावून माणसे घरी येतात आणि थोड्याच दिवसांत वर्तमानपत्र वाचू लागतात. परंतु त्याच रांगेत दोन-चार माणसे अशीही असतात की त्यांना तपासून डॉक्टर म्हणतात, “पडद्याचा मधला भाग झिजला आहे. वयामुळे होते. याला इलाज नाही.”

‘इलाज नाही’ हे शब्द घरी आले की दोनपैकी एक गोष्ट घडते. कुठे म्हातारीची बाज कोपऱ्यात सरकवली जाते, “आता काय करायचे, वयच झाले” म्हणून विषय संपवला जातो. कुठे मुलगा कर्ज काढतो, सोने मोडतो आणि कोणी सांगेल त्या दवाखान्यात, कोणी सांगेल त्या बाबाकडे आईला घेऊन फिरतो. शिबिरांच्या कामानिमित्त आम्ही हे दोन्ही प्रकार अनेकदा पाहिले आहेत. दोन्ही ठिकाणी माणूस डोळ्यांनी जेवढा आंधळा झालेला नसतो, त्याहून जास्त आंधळा घरात केला जातो. म्हणून या आजारावर आज नेमके काय उपलब्ध आहे, कशाचा किती उपयोग आहे आणि कशावर पैसा घालवू नये, हे वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही ठरवले. आम्ही डॉक्टर नाही. हिशेबाची वही सांभाळणारी माणसे आहोत. तेव्हा लेखात थोडा हिशेबही येईल.

चेहरा दिसत नाही, पण सुई सापडते

कॅमेऱ्यात जशी फिल्म असायची तसा डोळ्याच्या मागच्या भिंतीला पडदा असतो. त्या पडद्याच्या मधोमध काही मिलिमीटरचा एक ठिपका आहे. त्याला मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, तांदूळ निवडणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सगळी बारीक कामे या एवढ्याशा ठिपक्याच्या जिवावर चालतात. बाकीचा मोठा पडदा आजूबाजूचे पाहतो: दार कुठे, खुर्ची कुठे, बाजूने कोण गेले.

वय वाढते तशी काही जणांच्या या ठिपक्याखाली पिवळसर कचऱ्याची बारीक खडी साठू लागते. तिच्यामुळे पडद्याला खाऊपिऊ घालणारा पेशींचा थर मरू लागतो आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या पाहणाऱ्या पेशीही मरतात. हे वयोमानाने होणारे मॅक्युलर डिजनरेशन. केसपेपरवर ‘एएमडी’ अशी अक्षरे दिसतील. पुढच्या अवस्थेत मेलेल्या जागांचे चट्टे नकाशावरच्या देशांसारखे दिसतात, म्हणून डॉक्टर त्या अवस्थेला जिऑग्राफिक ॲट्रॉफी म्हणतात. हा आजार शंभर टक्के काळोख करत नाही. मधले जाते, कडेचे राहते.

मधले जाऊन कडेचे राहिल्यामुळे घरात फार गैरसमज होतात. आजी सुनेकडे पाहून “कोण ग?” म्हणते आणि दुसऱ्या क्षणी कोपऱ्यातून जाणारी मांजर तिला बरोबर दिसते. जमिनीवर पडलेली सुई ती उचलते, पण ताटातली भाजी कोणती ते तिला कळत नाही. “सोंग करते,” “हवे ते दिसते, नको ते दिसत नाही,” असे शेरे आम्ही सुशिक्षित घरांतही ऐकले आहेत. काही म्हातारी माणसे बोलताना तोंड भलतीकडे वळवतात, तेव्हा समोरच्याला वाटते की आपला अपमान केला. वास्तविक ती कडेच्या चांगल्या पडद्याने तुमचा चेहरा शोधत असतात. तेव्हा आधी सोंग हा शब्द घरातून काढून टाकावा.

कोरडा आणि ओला

या आजाराचे दोन प्रकार आहेत. शंभरातील पंचाऐंशी ते नव्वद जणांना कोरडा प्रकार असतो. तो वर्षानुवर्षे हळूहळू सरकतो. उरलेल्यांना ओला प्रकार होतो. त्यात पडद्याखाली नको त्या नव्या रक्तवाहिन्या फुटतात, पाझरतात, आणि काही दिवसांत किंवा आठवड्यांत नजर खाली येते. चमत्कारिक गोष्ट अशी की झपाट्याने नुकसान करणाऱ्या ओल्या प्रकारावरच चांगला इलाज आहे. डोळ्यात दिली जाणारी इंजेक्शने २००६ पासून त्यासाठी वापरात आली आणि २०१५ पासून त्यांतील एका औषधाची भारतात बनवलेली आवृत्तीही बाजारात आहे. वेळेवर सुरू केली तर नजर टिकते, काहींची सुधारतेसुद्धा.

याचा कोरड्या प्रकाराशी संबंध असा की कोरडा डोळा केव्हाही ओला होऊ शकतो. म्हणून ‘इलाज नाही’ असे सांगितलेल्या माणसाने डॉक्टरकडे जाणेच बंद करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. घरच्या घरी लक्ष ठेवण्याची एक फुकटची रीत आहे. मुलांच्या गणिताची चौकटीची वही घ्या. पानाच्या मधोमध पेनाने ठळक ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावून, वही वाचण्याच्या अंतरावर धरून, एक डोळा तळहाताने झाका आणि दुसऱ्याने ठिपक्याकडे पाहा. मग डोळा बदला. रेषा सरळ दिसतात का, कुठे चौकटी गायब आहेत का, ते पानावर खूण करून ठेवा. स्वित्झर्लंडचे डॉक्टर मार्क ॲम्सलर यांच्या नावाने जगभर वापरला जाणारा तक्ता या चौकटींसारखाच आहे. वही नसेल तर खिडकीचे गज किंवा मोरीच्या फरश्यांच्या रेषा चालतील, पण एकेका डोळ्याने पाहणे महत्त्वाचे. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचे पाप झाकतो. काल सरळ असलेली रेषा आज वाकडी दिसली तर ‘पुढच्या महिन्यात पगार झाल्यावर’ असे म्हणू नये. त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरकडे जावे.

आणखी एक गोष्ट शिबिरवाल्या कार्यकर्त्यांसाठी. एका शिबिरात मोतीबिंदू काढलेल्या एका निवृत्त गिरणी कामगाराला ऑपरेशननंतरही अक्षर दिसेना. घरच्यांनी डॉक्टरला शिव्या घातल्या, शेजाऱ्यांनी ऑपरेशनची धास्ती घेतली. मोतीबिंदू नीटच काढला होता. पडदा आधीच झिजलेला होता, आणि ते आधी कोणी सांगितले नव्हते. ऑपरेशनपूर्वी “पडदा कसा आहे?” एवढा प्रश्न विचारावा. मोतीबिंदू फार पिकलेला नसेल तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून डॉक्टर पडदा पाहू शकतात, आणि ओसीटी नावाच्या यंत्राने पडद्याचा थर न् थर दिसतो. त्या तपासणीला सुई नाही की कापाकापी नाही. पडदा झिजलेल्या माणसालाही मोतीबिंदू काढल्याने उजेड, रंग यांचा फायदा होऊ शकतो. पण किती होईल हे आधी कळले म्हणजे घरात शिव्याशाप होत नाहीत.

नवी इंजेक्शने आणि त्यांचा हिशेब

कोरड्या प्रकारावर अनेक वर्षे काहीच औषध नव्हते. २००५ मध्ये शास्त्रज्ञांना आढळले की शरीराच्या संरक्षण यंत्रणेतील ‘कॉम्प्लिमेंट’ नावाच्या साखळीवर ताबा ठेवणाऱ्या एका जीनमधील फरकाचा या आजाराशी मोठा संबंध आहे. म्हणजे घराची राखण करणारा पहारेकरीच घरात तोडफोड करतो, असा काहीसा प्रकार. मग ही साखळी मध्येच अडवणारी औषधे शोधणे सुरू झाले. लॅम्पालिझुमॅब या औषधावर फार आशा होती. त्याच्या मोठ्या चाचण्या २०१७ मध्ये साफ फसल्या. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेगसेटाकोप्लान हे इंजेक्शन मंजूर केले. जिऑग्राफिक ॲट्रॉफीवर मंजूर झालेले हे जगातले पहिले औषध. ऑगस्ट २०२३ मध्ये अव्हासिनकॅप्टॅड पेगोल हे दुसरे आले. दोन्ही औषधे सुईने थेट डोळ्यात द्यावी लागतात, महिन्याला किंवा, पहिल्याच्या बाबतीत, दोन महिन्यांतून एकदा.

आता उपयोग किती, ते नीट समजून घ्यावे. गेलेली नजर ही इंजेक्शने परत आणत नाहीत. एक ओळसुद्धा जास्त वाचता येत नाही. फक्त चट्टा पसरण्याचा वेग कमी होतो. पेगसेटाकोप्लानच्या दोन मोठ्या चाचण्यांत दोन वर्षांत हा वेग सतरा ते बावीस टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे चौकटीच्या वहीवर चट्टा शंभर चौकटी वाढणार असेल तर ऐंशीच्या आसपास वाढला. रुग्णाला स्वतःला हा फरक जाणवत नाही, फोटो मोजणाऱ्याला जाणवतो. उलट दर महिन्याला इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी सुमारे बारा टक्के लोकांच्या डोळ्यांत दोन वर्षांत ओला प्रकार सुरू झाला. दोन महिन्यांनी घेणाऱ्यांत हे प्रमाण सात टक्के, तर औषध न घेणाऱ्यांत तीन टक्के होते. २०२३ च्या जुलैत, थोड्या रुग्णांच्या डोळ्यांतील रक्तवाहिन्यांना गंभीर सूज आल्याच्याही बातम्या आल्या.

म्हणूनच एकाच कागदपत्रांवर दोन निकाल लागले. अमेरिकेने हो म्हटले. युरोपच्या औषध संस्थेने २०२४ मध्ये फेरविचार करूनही पेगसेटाकोप्लानला नकार दिला. चट्टा हळू वाढतो हे मान्य, पण त्यामुळे माणसाचे रोजचे जगणे सुधारल्याचे दिसत नाही, असा त्यांचा मुद्दा. दुसऱ्या औषधाच्या कंपनीने त्याच वर्षी युरोपातील अर्ज मागे घेतला.

अमेरिकेत पेगसेटाकोप्लान आले तेव्हा एका कुपीची छापील किंमत २,१९० डॉलर होती. डॉलरला ८५ रुपये धरले तर एक कुपी १ लाख ८६ हजार १५० रुपयांची. दर महिन्याला घेतली तर एका डोळ्याचे वर्षाला २२ लाख ३३ हजार ८०० रुपये. दोन महिन्यांतून एकदा घेतली तर याच्या निम्मे. दोन्ही डोळ्यांना हवे असेल तर पुन्हा दुप्पट. आणि हा खर्च एकदाच नाही, चालू ठेवायचा. कोणी परदेशातून मागवून देतो म्हणाला तर हा हिशेब वहीत लिहून त्याच्यापुढे ठेवावा आणि “याने आईला काय दिसू लागेल?” असे विचारावे. आमच्या मते, ज्या घरात नातवाच्या फीसाठी पोटाला चिमटा घ्यावा लागतो त्या घराने या इंजेक्शनांसाठी घर गहाण टाकू नये. पुढे किंमत उतरली, अधिक चांगले औषध आले, तर वेगळी गोष्ट. तोवर ‘आम्ही आईसाठी काही केले नाही’ ही टोचणी मुलांनी मनाला लावून घेऊ नये.

गोळ्यांचे काय?

गोळ्यांचा अभ्यास मात्र चांगला झालेला आहे. अमेरिकेच्या सरकारी नेत्र संस्थेने हजारो माणसांवर वर्षानुवर्षे चाचण्या केल्या. २००१ मध्ये निष्कर्ष आला की आजार मधल्या टप्प्यावर असलेल्यांना, किंवा एकच डोळा पूर्ण बिघडलेला असेल त्यांना, ठराविक मात्रेतील क आणि ई जीवनसत्त्व, झिंक आणि तांबे यांच्या गोळीने पुढची अवस्था येण्याचा धोका पाच वर्षांत सुमारे पाव हिश्श्याने कमी होतो. पहिल्या गोळीत बीटा कॅरोटीनही होते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत त्यामुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून २०१३ नंतर त्याजागी ल्युटीन आणि झिआझँथिन घालण्यात आले. २०२४ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा असेही दिसले की चट्टा अजून अगदी मध्यावर आलेला नसेल तर या गोळ्या घेणाऱ्यांत तो मध्याकडे सरकण्याचा वेग बराच कमी होता.

ज्यांचे दोन्ही डोळे मध्यापर्यंत गेले आहेत त्यांना या गोळ्यांनी नजर येत नाही, आणि ज्यांना आजारच नाही त्यांनी ‘डोळ्यांसाठी चांगले’ म्हणून घेण्यात अर्थ नाही. दुकानदार देईल ती बाटली घेऊ नये, डॉक्टरने लिहिलेली घ्यावी, आणि विडी ओढणाऱ्याने (पूर्वी ओढत होता त्यानेही) बाटलीवर बीटा कॅरोटीन नाही ना हे मुलांकडून वाचून घ्यावे. माशाच्या तेलाच्या महाग कॅप्सूलचा या चाचणीत फायदा आढळला नाही. खरा मासा परवडत असेल तर खुशाल खावा. बांगडा, तारली काही वाईट नाही. पालक, माठ, मेथी, मका आणि अंडे यांत ल्युटीन असते. पण सगळ्यांत मोठी गोष्ट विडी सोडणे. धूर ओढणाऱ्यांना हा आजार दुपटीहून अधिक प्रमाणात होतो, आणि सोडणे हा बिनपैशाचा, उलट पैसे वाचवणारा उपाय आहे.

यंत्रे, चकती आणि फसवणूक

लाल-पिवळ्या प्रकाशाचा शेक देणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेने नोव्हेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली. पण मध्यभाग अजून शाबूत असलेल्यांसाठीच. वाटाण्याएवढी दुर्बीण डोळ्याच्या आत बसवण्याची शस्त्रक्रिया तेथे २०१० पासून मान्य आहे. ती मोजक्यांनाच चालते.

विशेष वाटावी अशी बातमी ऑक्टोबर २०२५ मधली. पडद्याखाली २ मिलिमीटर लांब-रुंद, केसाहून पातळ अशी एक चकती बसवायची. चष्म्यावरचा कॅमेरा समोरचे दृश्य टिपतो आणि अदृश्य किरणांनी चकतीवर पाठवतो. मेलेल्या पेशींचे काम चकती करते. युरोपातील पाच देशांत ३८ जणांवर हा प्रयोग झाला. वर्षाअखेर तपासलेल्या ३२ जणांपैकी २६ जणांना तक्त्यावरची अक्षरे आधीपेक्षा लक्षणीय वाचता आली. गेलेली मधली नजर काही अंशी परत मिळाल्याचे एवढ्या लोकांत प्रथमच दिसले. दिसते ते काळे-पांढरे, आणि त्यासाठी कित्येक महिने सराव करावा लागतो. सामान्य रुग्णालयात ही सोय मिळण्याची गोष्ट अजून दूर आहे. पण ‘कधीच काही होणार नाही’ असे आता म्हणता येत नाही.

अशा बातम्या आल्या की त्यांच्या सावलीत भोंदू उभे राहतात. ‘स्टेम सेलने नजर परत’ ही जाहिरात वाचकांनी पाहिली असेल. २०१५ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, ७२ ते ८८ वयाच्या, हाच आजार असलेल्या तीन बायकांनी प्रत्येकी ५,००० डॉलर भरून एका खासगी क्लिनिकमध्ये असे इंजेक्शन घेतले. पोटाची चरबी काढून, त्यातील पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या. तिघींच्याही पडद्यांची वाताहत झाली आणि एकीला उजेड-अंधारही कळेनासा झाला. २०१७ मध्ये डॉक्टरांच्या मासिकात हे प्रकरण छापून आले. तिन्ही बायका जाताना चालत, थोडेबहुत पाहत गेल्या होत्या. आपल्या देशात वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार अशा आजारांवर स्टेम सेल फक्त मान्य चाचणीतच देता येतात, बाहेर देणे गैर आहे. ओळखण्याची खूण सोपी आहे. प्रयोग म्हणतात आणि पैसे मागतात, किंवा दोन्ही डोळ्यांना एकाच दिवशी सुई मारतो म्हणतात, तिथून उठून यावे.

भिंतीवरची माणसे

आता एक गोष्ट, जी लोक लाजेने सांगत नाहीत. मधली नजर गेलेल्या काही माणसांना नसलेल्या वस्तू दिसतात. भिंतीवर जाळी, फुलांची नक्षी, खोलीत बसलेली मुले, रंगीत कपड्यांतली बुटकी माणसे. माणूस शहाणा असतो, बाकी बोलणे ठीक असते, पण संध्याकाळी हळूच विचारतो, “ती कोण बसली आहेत?” झाले! घरात कुजबुज सुरू होते. बाहेरचे लागले, करणी केली, म्हातारीला वरचे बोलावणे आले. कोणी भगताकडे नेतो, कोणी उतारा टाकतो. आम्ही एका घरी गेलो तेव्हा त्या आजींना खोलीत कोंडून बाहेरून कडी लावलेली होती.

यात बाहेरचे काही नाही. डोळ्याकडून चित्रे येणे बंद झाले की मेंदू रिकामा बसत नाही, स्वतःच चित्रे काढतो. स्वित्झर्लंडमधील शार्ल बोने या अभ्यासकाने १७६० मध्येच हे लिहून ठेवले. त्याच्या ८९ वर्षांच्या आजोबांना मोतीबिंदूने दिसत नव्हते, पण माणसे, पक्षी, इमारती दिसत असत, आणि त्या खऱ्या नाहीत हे त्यांना पक्के माहीत होते. त्याच्याच नावाने ही अवस्था ओळखली जाते. ही चित्रे मुकी असतात. ती बोलत नाहीत, हुकूम देत नाहीत. दिवा लावला, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवले, उठून दुसऱ्या खोलीत गेले की बहुधा विरतात, आणि काळ जातो तशी कमी होतात. आवाज ऐकू येत असतील, माणूस गोंधळत असेल, तर मात्र ते दुसरे काही असू शकते, तेव्हा डॉक्टरांना दाखवावे. नाहीतर औषध एवढेच की आजींना सांगायचे, “तू वेडी झालेली नाहीस, हे डोळ्यांमुळे आहे.” ज्यांना आम्ही हे सांगितले त्यांतील एक आजी रडू लागल्या. दोन वर्षे त्यांनी हे कोणालाच सांगितले नव्हते.

उरलेल्या नजरेचा वापर

खरे काम येथून सुरू होते आणि त्याला लाखो रुपये लागत नाहीत. मोठ्या नेत्ररुग्णालयांत ‘लो व्हिजन’ विभाग असतो. डॉक्टर पाठवत नसतील तर आपण नाव घेऊन मागावे. तेथे उरलेली नजर मोजतात आणि कोणते भिंग, किती नंबरचा जास्त शक्तीचा चष्मा लागेल ते ठरवतात. रस्त्यावरचे भिंग घेऊन उपयोग होत नाही म्हणून लोक नाद सोडतात, पण बिघाड बहुधा भिंगाच्या नंबरात किंवा धरण्याच्या अंतरात असतो. हात कापत असतील तर कागदावर ठेवायचे, पायांचे भिंग मिळते. आमच्या चाळीतील एक आजी साठीत प्रौढ साक्षरता वर्गात अक्षरे शिकल्या. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ती अक्षरे डोळ्यांपुढून गेली. पायांचे भिंग आणि मान वाकणारा टेबलदिवा यांवर त्या आता रोज अर्धा तास वाचतात. अर्धा तासच, कारण डोळा लवकर दमतो. पण टपालाने आलेला कागद त्या स्वतः वाचतात आणि मगच अंगठ्याऐवजी सही करतात.

उजेड हा या आजारात औषधासारखा आहे. छतावरच्या ट्यूबलाइटपेक्षा कागदाजवळ आणलेला दिवा जास्त कामाचा. तो खांद्यामागून, चांगल्या डोळ्याच्या बाजूने यावा, नजरेवर येऊ नये. पांढऱ्या भाताला रंगीत ताट, काळ्या चहाला पांढरा कप, पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाची पट्टी, गोळ्यांच्या डब्यावर जाड काळ्या पेनाने मोठे अक्षर. सूनबाईंनी एका रविवारी एवढे केले तरी घरातली निम्मी आदळआपट थांबते.

तिरके पाहण्याचा सराव करता येतो. कोणाला तरी समोर बसवावे आणि त्याचा चेहरा म्हणजे घड्याळाची तबकडी आहे असे मानावे. नजर बारावर न्या, मग तीनवर, सहावर, नऊवर. कुठे पाहिले असता मधला चेहरा अधिक उमटतो, ती आपली जागा. रोज थोडा वेळ तिथूनच पाहण्याची सवय लावायची. नातवंडांना हा खेळ आवडतो.

नातवाच्या हातातला मोबाइलही कामाला लावावा. त्याचा कॅमेरा भिंगासारखा चालतो, अक्षरे मोठी करता येतात आणि छापील मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवतो. नोटा ओळखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये ‘मनी’ नावाचे मोबाइल ॲप काढले. मोबाइल नसेल तर बोटे आहेत. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नव्या नोटांच्या डाव्या-उजव्या कडांना उठावाच्या तिरप्या रेघा आहेत. शंभरावर चार. दोनशेवर चार आणि मध्ये दोन गोल. पाचशेवर पाच. नोट कोरी असताना सराव केला म्हणजे भाजीवालीकडे फसगत होत नाही.

कागदपत्रांचेही सांगून ठेवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी असेल तर ती ‘अल्पदृष्टी’ धरली जाते आणि ३/६० पेक्षा कमी असेल तर ‘अंधत्व’. प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयातून मिळते, आता त्याचेच यूडीआयडी कार्ड होते, आणि बहुतेक सवलतींसाठी त्यावर किमान ४० टक्के लागतात. प्रमाणपत्र आले की तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार अनुदान योजनेची चौकशी करावी. शिवाय राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पासष्ट वर्षांवरील, दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या व्यक्तीला चष्म्यासारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात देण्याची तरतूद आहे. समाजकल्याण कार्यालयात विचारावे. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक, दोन फोटो आणि डॉक्टरचा नजर लिहिलेला कागद यांच्या दोन-दोन झेरॉक्स बरोबर ठेवाव्यात, आणि म्हाताऱ्या माणसाला रांगेत एकटे उभे करू नये. खिडकीवरचा नंबर त्याला दिसत नाही.